जोडीने मारलेली बुडी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधले एअर हे गाव पाहिले, की कोल्हापूरच्या माणसाला परदेशी आल्यासारखे वाटतच नाही. जिकडे पाहावे तिकडे ऊस! पण थोडा वेळ मोटार हाकली, की ऊस संपतो आणि अल्वा बीचची वाळू लागते. तिथून एक लहानशी बोट अर्ध्या तासात आपल्याला भर समुद्रात नेऊन उभी करते. वर पाहण्यासारखे काहीच नाही. जे आहे ते सारे पाण्याखाली.

खाली आहे 'योंगाला'. मार्च १९११ मध्ये ही १०९ मीटर लांबीची आगबोट चक्रीवादळात सापडली आणि १२२ माणसांसह नाहीशी झाली. तिने मॅके बंदर सोडले आणि मागून वादळाची सूचना आली. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. हाक मारणार कशी? एकही जीव वाचला नाही. १९५८ साली ती पाणबुड्यांना सापडली. आज ती तीस मीटर खोल तळावर उजव्या कुशीवर निजली आहे. अंगावर प्रवाळांची शाल आणि अवतीभवती रेडकाएवढे मासे. आत शिरायला मात्र बंदी आहे.

माझे पोहणे विहिरीपुरते. स्कूबाचा नाद भाच्याचा. त्याने पहिली बुडी तारकर्लीला मारली, तेव्हा शिक्षकाने हात धरून नेले होते. इथे त्याला जोडीला मिळाला एक अनोळखी तरुण. दोघांनी एकमेकांचे पट्टे ओढून पाहिले, हवेचे आकडे वाचले, जादा नळी कुठे आहे ते दाखवले. खुणा ठरल्या. गळ्यावरून आडवा हात म्हणजे हवा संपली. वर केलेला अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चल'.

"शिष्टाचार बराच आहे रे तुमच्यात!" मी म्हणालो.

"शिष्टाचार नाही, मामा. ह्याच जागेवरून एक माणूस तुरुंगात गेलाय."

ती हकीकत अशी. ऑक्टोबर २००३ मध्ये एक अमेरिकन जोडपे मधुचंद्रासाठी इथे आले. लग्नाला अकरा दिवस झालेले. पत्नी नवशिकी, पती इतरांना वाचवण्याचे शिक्षण घेतलेला, आणि बुडीत तिचा जोडीदार. पाण्यात ती संकटात सापडली. पती तिला वर न आणता एकटाच वर आला. दुसऱ्या एका शिक्षकाने तिला तळावरून वर काढले, पण ती गेली होती.

आरोप खुनाचा होता. २००९ साली ब्रिस्बेनच्या न्यायालयात पतीने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्यातले प्रत्यक्ष भोगायचे एक वर्ष अपिलात दीड वर्षाचे झाले. पुढे २०१२ साली अमेरिकेत, अलाबामात, पुन्हा खुनाचा खटला उभा राहिला; तो न्यायाधीशांनी पुराव्याअभावी निकालात काढून त्याला निर्दोष ठरवले. म्हणजे खून शाबीत झाला नाही. शिक्षा भोगावी लागली ती जोडीदाराचे कर्तव्य चुकल्याची.

इंग्रजी वळणाच्या कायद्यात, काठावरून पाहणाऱ्या तिऱ्हाइताने बुडत्याला वाचवलेच पाहिजे अशी सक्ती सहसा नसते. पण क्वीन्सलँडच्या फौजदारी संहितेचे २९० वे कलम सांगते, की जे काम न केल्याने जिवाला धोका होईल, ते ज्याने अंगावर घेतले त्याने ते केलेच पाहिजे. न केल्यास परिणामाचा धनी तोच. अर्थात कायदा कुणाला स्वतःचे प्राण द्यायला सांगत नाही, आणि प्रत्येक चूक हा गुन्हाही नव्हे. चूक फार मोठी, शिक्षेला पात्र ठरण्याजोगी असावी लागते. पण 'मी तुझ्याबरोबर आहे' ह्या शब्दांना तिथे वजन आहे, एवढे खरे.

हे ऐकवून भाचा पाण्यात उतरला. मी कठड्याशी उभा राहून बुडबुडे पाहत होतो. बहिणीचा एकुलता एक मुलगा, आणि त्याचा जीव एका परक्या पोराच्या हवाली! त्या पोराचे आडनावसुद्धा मला ठाऊक नव्हते. मग ध्यानात आले, की त्याच्याही आईचा मुलगा ह्या घटकेला आमच्या पोराच्या हवाली आहे. हिशेब चोख होता.

पाऊण तासाने दोन डोकी वर आली. एकमेकांपासून हातभर अंतरावर. बोटीवरच्या बाईने यादीवर दोन खुणा केल्या आणि मी खाली बसलो.