अर्धे तिकीट

२०२३ सालच्या मार्चमध्ये बायकांना एस.टी.त अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली, त्याच आठवड्यात मी आणि माझी आत्ती हुपरीहून कोल्हापूरला निघालो होतो. कंडक्टरने माझ्या हाती पुरे तिकीट दिले आणि तिच्या हाती अर्धे. तिने चष्मा सारखा करून दोन्ही तिकिटे शेजारी शेजारी धरली, आणि विचारले, "ऱ्हायलेलं अर्धं कुणाच्या खात्यावर रं?"

"सरकारच्या."

"त्ये झालं. पर लिवत्यात कुठं?"

पुढच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मला हसू आले नाही. आमच्या हुपरीत हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आत्तीने पन्नास वर्षे घरच्या सोप्यात बसून पैंजणांच्या कड्या जोडल्या आहेत. चांदी व्यापाऱ्याची, हात तिचे. चांदी तोलून यायची, पैंजण तोलून जायचे. आणि मधल्या मधे, आटवताना, घासताना, जी थोडी कमी भरायची तिला आम्ही घट म्हणतो. घट होणारच, तीत कुणाला कमीपणा नाही. पण किती धरायची ते आधी ठरलेले असते, आणि झाली की ती वहीत आली पाहिजे. सोप्यातला केरसुद्धा आम्ही उकिरड्यावर टाकत नाही. त्यात चांदी असते. अशा गावातल्या बाईला 'सरकार भरते' एवढे उत्तर पुरत नाही.

म्हणून मी तिला जमेल तसे समजावून सांगितले. सवलतीचे पैसे राज्य सरकार एस.टी. महामंडळाला भरून देते. पण त्याच भाड्यात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, तो महामंडळ गोळा करून सरकारात भरते. त्याचा कायदा १९५८ सालचा. ती बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस पाहत राहिली.

"म्हंजी आपलीच चांदी आटवायची आनि आपल्यालाच तोलून द्याची," ती म्हणाली. यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मी अजून कुठल्या अग्रलेखात वाचलेले नाही.

कोल्हापूरच्या स्टँडवरून रेल्वे स्टेशन फार लांब नाही. त्या बाजूला बोट करून तिने विचारले, "आनि ही कुणाच्या पैशानं?" इथे मात्र मी घरच्या मैदानावर होतो. कोल्हापूर-मिरज हा रेल्वेरस्ता कोल्हापूर दरबारने स्वतःच्या पैशाने बांधवला. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. महाराज तेव्हा पुरते चौदा वर्षांचेही नव्हते. १८९१ साली गाडी सुरू झाली. ती चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनी होती, पण रस्ता दरबारचा. दरबारचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचा शेतसारा. आणि रूळ गेले पंचगंगेच्या पलीकडून, रुकडी-हातकणंगल्यावरून. हुपरी राहिली अलीकडे. सारा भरणाऱ्यांतल्या कितीजणांनी त्या गाडीत कधी पाय ठेवला असेल कोण जाणे. पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. कोल्हापूरचा गूळ त्या रुळांवरून मुलूखभर गेला, आणि त्या रस्त्याच्या कडेला जयसिंगपूरसारखी बाजारपेठ उभी राहिली. ज्याने पैसा घातला त्यानेच गाडीत बसले पाहिजे असा हट्ट धरला, तर जगात एक मैलही रूळ पडणार नाही. पायाभरणीपासून तीन वर्षांत गाडी आली, एवढे मात्र माझ्या मनात राहून गेले आहे.

आत्तीची धाकटी लेक वैभववाडीकडे दिलेली. तिच्या गावाजवळून कोकण रेल्वे जाते. त्या रेल्वेचे महामंडळ १९९० साली निघाले. भांडवलात भारतीय रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे सहा-सहा. शिवाय करमुक्त रोखे काढून लोकांकडून कर्ज उभारले. १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला झाला. त्या बावीस टक्क्यांत हुपरीचा करही कुठेतरी आहेच. म्हणजे लेकीच्या दारावरून आमच्याच पैशाची गाडी जाते, आणि तिच्यापर्यंत पोचायला आमच्याकडून रूळ नाही. मधे सह्याद्री आहे, गगनबावड्याचा घाट आहे, आणि घाटात आत्तीला गाडी लागते.

२०१६ च्या फेब्रुवारीत वेगळा रेल्वे अर्थसंकल्प शेवटचा मांडला गेला. त्यात कोल्हापूर-वैभववाडी या सुमारे १०७ किलोमीटरच्या मार्गाचे नाव आले. खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मी पेपर वाचून दाखवला, आणि त्या रात्री आत्तीने नातीसाठी पैंजण करायला घेतले. नात तेव्हा सहा वर्षांची. "आगगाडीनं जाईन आनि माज्या हातानं घालीन," असे तिने ठरवून टाकले. पोरीचा पाय वाढतो हे तिला ठाऊक होते, आणि सरकारी कामाला वेळ लागतो हेही. म्हणून तिने दोन कड्या जास्तीच्या ठेवल्या.

दोन कड्यांचा अंदाज चुकला. मी हे लिहितो आहे तोवर त्या मार्गावरून गाडी धावलेली नाही. मधल्या काळात आत्ती डोळे मिटून, तोंडाला पदर लावून, दोनदा घाटातून जाऊन आली. पण पैंजण काही नेले नाहीत. हट्टी बाई.

निम्मे तुझे, निम्मे माझे, हे ऐकायला फार सरळ वाटते. घरात दोन भाऊ असे बोलले की विहीर अर्धीच खणून राहते, हे आपण पाहिलेले असते. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग असाच निम्म्या-निम्म्याचा. १९९५ साली मंजूर झाला तेव्हा खर्च ३५३ कोटी धरला होता. पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला. बीडला गाडी पोचली २०२५ च्या सप्टेंबरात. याला कुणी चोरी म्हणू नये. जमीन महागली, लोखंड महागले, मजुरी वाढली. पण ही घटच आहे, तीस वर्षांची, आणि हिचा रकाना मला कुठल्याही अर्थसंकल्पात सापडलेला नाही. रस्त्याला लागलेले पैसे तिथे दिसतात. थांबण्याला लागलेले दिसत नाहीत.

त्याच साली कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने संमती दिली, आणि राज्याने घातलेले सुमारे ३९६ कोटी परत मिळावेत अशी अट घातली. हेही मी आत्तीला वाचून दाखवले.

"आमचं परत येतंय म्हन की," ती म्हणाली. "मग त्ये गगनबावड्याकडं लावा म्हनावं."

दिवाळीच्या आधी तिने ते पैंजण डब्यातून काढले. नात आता दहावीत आहे. पैंजण तोलले, एकसष्ट ग्रॅम भरले; मग मुशीत टाकून आटवले. चांदी निवल्यावर पुन्हा तोलली तेव्हा काटा साठाच्या खाली थांबला. तिने जुनी वही उघडून घटीपुढे आकडा लिहिला, आणि पेन्सिल तशीच धरून विचारले, "हितं कुणाचं नाव घालू?"

मला सांगता आले नाही. तिने ती जागा मोकळी सोडली, आणि लेकीने एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवलेला, नातीच्या पायाचे माप घेतलेला दोरा पाटावर सरळ करू लागली.