तापल्यावरच

आख्खं मशीन रीस्टार्ट झालं की माझा हात आधी एसएमपीएसकडे जातो. पडदा काळा होऊन मागे बंदुकांचा आवाज चालूच राहिला, तर ग्राफिक कार्डाकडे. या दोन्हींचं मला काही वाटत नाही. माझी झोप घालवतो तो तिसरा प्रकार. काळा पडदा नाही, निळा नाही. गेम खेळणाऱ्याला गुपचूप डेस्कटॉपवर आणून सोडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये शेवटी पाच असलेला तो ओळखीचा कोड सापडतो, म्हणजे प्रोग्रॅमने भलत्याच पत्त्यावर हात घातला. पत्ता बिघडवला कुणी, ते कोड सांगत नाही.

स्पष्ट शब्दांत आलेला मेसेजही खरा असेलच असं नाही. २०२४च्या सुमाराला कितीतरी गेम ‘व्हिडिओ मेमरी कमी पडली’ असं सांगून बंद पडायचे. साहजिकच संशय कार्डावर. दोष निघाला इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत. ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेत होते. जुलैमध्ये कंपनीने ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. आधीच झिजलेल्या चिपांना मात्र त्या मायक्रोकोडचा उपयोग नव्हता. ती बातमी वाचून मला चक्क बरं वाटलं होतं. चकणारा मी एकटा नव्हतो तर!

पूर्वी माझं निम्मं काम कानाने व्हायचं. भार आला की कार्डावरच्या कॉइल बारीक शिट्टी घालतात. चित्र गोठल्यावरही शिट्टी चालू राहिली तर कार्ड स्वतःच अडकलंय. चित्रासोबत शिट्टीही तुटली तर कार्डाला काम पुरवणारं कुणीतरी मेलंय. हा माझा आडाखा, कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळायचा नाही. पन्नाशी उलटली तशी मला शिट्टी ऐकू येईनाशी झाली. हल्लीची कार्डं फार शांत असतात, असं मी कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना ऐकवत होतो. मग माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी एकदा कानावर हात ठेवून म्हणाली, “काका, हे केवढं किंचाळतंय!”

या एप्रिलमधलं मशीन तिनेच उघडलं. इंजिनीअरिंगच्या एका पोराचं. घरी तासाभराने गेम डेस्कटॉपवर येतो, दुकानात टेबलावर उघडं ठेवलं की दिवसभर बिनबोभाट चालतो. आधीच्या दुकानाने अर्थात फॉरमॅट मारून दिला होता. आमच्या धंद्यात फॉरमॅट हे निदान न करण्याचं सर्वमान्य निमित्त आहे. त्याच्याही आधीच्याने खोडरबराने रॅमचे पाय पुसले होते. त्याला मी नावं ठेवणार नाही, निदान त्याने हात तरी लावला.

रॅमची चाचणी रात्रभर लावली. एकही चूक नाही. इथे बहुतेक जण रॅमला सोडून देतात, मला ते पटत नाही. चाचणी चालते तेव्हा ग्राफिक कार्ड झोपलेलं असतं. गेममध्ये तेच कार्ड २००-३०० वॅट उष्णता ओकतं, ती हवा वर चढते, आणि वर रॅमच्या पट्ट्या. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार, तो सतत गळतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते. तापमान वाढलं की गळती वाढते. त्यात एक्सएमपी लावून पट्ट्या ३६००वर पळवलेल्या, एप्रिल, आणि कॅबिनेटला पुढून काच. दिवे दिसावेत म्हणून हवा अडवायची, ही फॅशन कुणी काढली त्याला माझ्या दुकानात एक मे महिना बसवायला हवं.

मुलीने बायॉसमध्ये जाऊन रॅम ३२००वर आणली, काच लावली, गेम चालू केला. संध्याकाळपर्यंत पडला नाही.

“झालं, काका.”

“काय झालं?”

“पडत नाहीये.”

“का पडत नाहीये?”

“त्याला गेम खेळायचाय. कारण कुठे हवंय त्याला?”

कारण मला हवं होतं. वेग उतरवला की पट्ट्यांना सुटका मिळते, तशीच प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला मिळते, बोर्डावरच्या वाटांनाही मिळते. तिघांपैकी चोर कोण, हे न कळता तिघेही सुटले. त्यातून गेमचा स्वतःचा दोष निराळाच. २०१५ साली बॅटमॅनचा ‘अर्कम नाइट’ पीसीवर इतका वाईट चालला की कंपनीला विक्री थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. सीडीच्या काळात अर्धकच्चा माल बाजारात सोडायची एवढी हिंमत नव्हती. आता गेम आधी विकतात, शिजवतात मागाहून.

पोराला ‘अजून बघतोय’ असं सांगून मी मशीन ठेवून घेतलं. पुन्हा ३६००, काच घट्ट, विंडोजमधूनच कार्डावर पूर्ण भार आणि सोबत रॅमची चाचणी. पट्टीवरच्या सेन्सरने पन्नाशी ओलांडली आणि एक चूक आली. एकच बिट. मी दुकानात मोठ्याने ओरडलो. वेग कमी केला की पळणारी चूक मी वेग कमी न करता पकडली, हे बघायला समोरच्या दुकानदाराने यावं असंही वाटलं. तो जेवायला गेला होता.

पण चूक पकडली, चोर नाही. या पट्ट्या दुसऱ्या बोर्डवर, तितक्याच तापवून, ३६००वर चुकल्या तरच त्या दोषी. त्याला आणखी आठवडा लागला असता आणि पोराची परीक्षा संपली होती. म्हणून मी त्याला तेवढ्याच क्षमतेच्या नव्या पट्ट्या विनामूल्य बसवून देतो म्हणालो, जुन्या माझ्याकडे राहू देत.

“आता ३२००वर चालतायत ना? मग काढता कशाला?”

मी काहीतरी पुटपुटलो. त्याने पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. नव्या पट्ट्या तर हव्यातच, वर जुन्यांचे हजार रुपये, म्हणाला. मी दिले. मुलीने वहीत ‘भंगार खरेदी’ लिहिलं आणि माझ्याकडे न बघता पुढचं मशीन उघडलं.