ऑइलचा दिवा

सरकारी नोकरीत पहिल्या दिवसापासून शिकवले जाते की, जे लिहिले गेले तेच घडले आणि ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही. परंतु नोंद असूनही ती कोणी वाचली नाही तर काय होते, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवीत नाहीत. मला ते तंजावूर येथे एका जुन्या डिझेल व्हॅनने शिकवले.

२००८ साली मी तेथे केंद्र सरकारच्या एका लहानशा कार्यालयाचा प्रमुख होतो. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तंजावूर फारसे परके वाटत नाही. व्यंकोजीराजांच्या वंशजांचे राज्य इंग्रजांनी १८५५ साली खालसा केले. पण १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आजही उभा आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी महाराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, रोगी डोळ्यांच्या चित्रांसह. त्यांविषयी मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे. स्वतःच्या कार्यालयातील नोंदी मात्र मी कशा वाचीत होतो, ते पुढे येईलच.

जानेवारीचे दिवस होते. सांबा भाताची कापणी चालू होती आणि कुंभकोणमला अकरा वाजता बैठक होती. पापनाशमच्या अलीकडे भात वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला. गाडी जागीच थांबली, इंजिन मंद चालू होते, आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकू लागला. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला, दिवा विझला. पाय काढताच पुन्हा लागला. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

"हा दिवा गेल्या महिन्यापासून असाच लागतो ना? स्विच तर बदलून घेतला होता," मी म्हणालो.

"हो सार. म्हणूनच. स्विच नवा आहे."

मी त्याला पुढे चालण्यास सांगितले. तो नम्रपणे म्हणाला, "इंजिन जाईल, सार," आणि किल्ली मुठीत धरून बसून राहिला. मी एस.टी.सारख्या खच्चून भरलेल्या बसने कुंभकोणम गाठले, बैठकीस पाऊण तास उशिरा पोहोचलो आणि सायंकाळी परतल्यावर आज्ञाभंगाबद्दल त्याच्या नावे 'कारणे दाखवा' ज्ञापन तयार करण्यास सांगितले. सही दुसऱ्या दिवशी करायची होती.

दुसऱ्या दिवशी व्हॅन दोरीने ओढत एका वयस्कर मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. खर्चास मंजुरी मलाच द्यायची असल्याने मीही गेलो. त्या माणसाची पद्धत पाहण्यासारखी होती. त्याने प्रथम इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली. दिवा लागला, म्हणजे बल्ब ठीक होता. मग स्विचवरची तार काढली. दिवा विझला. तारेचे वेष्टन झिजून ती कोठे लोखंडाला टेकली असती, तर दिवा लागूनच राहिला असता. पुढे त्याने स्विचच काढला आणि त्याच्या जागी नळी जोडून काट्याचे मीटर बसवले.

थंड इंजिनावर काटा ४० पौंडांवर गेला. वीस मिनिटे चालवून इंजिन तापल्यावर, मंद गतीत, तो ५ वर उतरला. दिवा खरे बोलत होता.

ऑइलचा दाब ही चीज समजून घेण्यासारखी आहे. पंप ऑइलला बेअरिंगच्या अरुंद फटींत ढकलतो आणि क्रँक त्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बेअरिंग झिजून फटी रुंदावल्या, पंप झिजला, त्याची जाळी तुंबली किंवा ऑइलच पातळ झाले, तर दाब घसरतो. तापलेले इंजिन मंद चालत असताना तो सर्वांत कमी असतो, म्हणून दिवा प्रथम तेव्हाच लागतो. गाडी धावत असताना तो विझतो आणि आपण निश्चिंत होतो.

आता कारण शोधायचे होते. मला वाटले ऑइल कमी झाले असेल. मिस्त्रीने डिपस्टिक काढून दाखवली. पातळी वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर होती. मी म्हणालो, "मग तर उत्तमच." तो हसला. त्याने पट्टी माझ्या नाकाशी धरली. डिझेलचा वास येत होता. वर्तमानपत्रावर त्याने एक थेंब टाकला. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे पसरत गेले. फीड पंप उघडला तेव्हा आतला रबरी पडदा फाटलेला निघाला. तेथून डिझेल थेंबाथेंबाने इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरत होते आणि ऑइल पातळ होत होते.

मिस्त्रीने चालकाला तमिळमध्ये काही विचारले. चालकाने आसनाखालून लॉगबुक काढले. नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून शेऱ्याच्या रकान्यात तीन वेळा त्याने मोडक्या इंग्रजीत लिहिले होते: ऑइल घातले नाही, तरी पातळी वाढत आहे. दोन्ही महिन्यांच्या पानांखाली नियंत्रक अधिकाऱ्याची सही होती. ती माझी होती.

याहून लाजिरवाणी गोष्ट मला परत येताना आठवली. त्या तिमाहीत ऑइलची खरेदी शून्यावर आली होती आणि खर्चाच्या आढाव्यात मी स्वतः 'समाधानकारक बचत' असे लिहिले होते. अर्थशास्त्राचा पदवीधर म्हणून मला येथे थबकायला हवे होते. महिन्याला शेकडो लिटर डिझेल जाळणाऱ्या गाडीत एक-दोन लिटरची गळती डिझेलच्या रकान्यात दिसत नाही. सहा-सात लिटर ऑइलच्या रकान्यात मात्र ती दिसते, आणि तेथे ती बचतीच्या रूपात दिसते. सुधारलेला आकडा आपण तपासत नाही. बिघडलेल्याच आकड्याचा जाब विचारतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली मांडलेला, निर्देशकावर नियंत्रणाचा भार टाकला की तो विश्वासार्ह राहत नाही, हा विचार मला पाठ होता. तो माझ्याच टेबलावर होता, हे कळले नव्हते.

पडदा बदलला, ऑइल आणि फिल्टर नवे घातले. तापल्यावर मंद गतीत काटा २० वर स्थिर राहिला. मिस्त्रीने चेंबर उघडून एक बेअरिंग दाखवले. पृष्ठभागावर बारीक चरे उमटू लागले होते. "अजून चालेल. काल कुंभकोणमपर्यंत गेला असता तर सांगता आले नसते," असे त्याने चालकाकरवी मला कळवले.

कार्यालयात ज्ञापनाचा मसुदा टेबलावर सहीसाठी तयार होता. मी तो रद्द केला. तेवढ्याने हिशेब पुरा होत नव्हता, म्हणून लॉगबुकातील त्या तीन शेऱ्यांखाली लाल शाईने लिहिले: नोंद वेळेवर झाली होती, पाहिली गेली नाही, जबाबदारी नियंत्रक अधिकाऱ्याची. चालकाने ते वाचले, वही बंद केली आणि विचारले, "उद्या किती वाजता, सार?"

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. ती व्हॅन त्याआधीच निर्लेखित झाली होती. नव्या गाड्या पडद्यावर संदेश देतात. लॉगबुक मात्र अजून माझ्याकडे सहीला येते, आणि मी ते शेवटच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करतो.