वेलिणकरांचं डॉल्फिन
धनज, रात्र.

सोयाबीन घरात आलं, आता सवड आहे. आज जुन्या एअरफिक्सच्या खोक्यातलं सॉपविथ कॅमल विमान जुळवायला काढलं. प्रमाण 1/72, पंखांचा पसारा जेमतेम 12 सेंटिमीटर. मधले खांब एकदम आपापल्या भोकांत बसतील तर शपथ!

हात कॅमलवर, मन सॉपविथच्याच डॉल्फिन विमानावर. त्यात वरचा पंख मागे सरकवलेला आणि वैमानिकाचं डोकं त्याच्या मोकळ्या चौकटीतून बाहेर. नजर छान, पण विमान उलटलं की पहिला मार डोक्याला. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर 23व्या स्क्वाड्रनमध्ये तेच चालवत. जून 1918मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मृत्युमुखी पडले. त्याच युद्धातले वैमानिक इंद्रलाल रॉय यांचं नाव निदान निघतं. वेलिणकरांचं आपल्याकडेही नाही, हे खटकतं.

कॅमलच्या ताणतारा उद्या. शिवणपेटीतला दोरा जाड पडतो.