उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

पेरण्या उरकल्या, कोळपणी बैलांकडे किंवा छोट्या औजारांकडे गेली, की मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू गावात मोठा ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये जातो. उभ्या पिकात त्याची चाकं मावत नाहीत आणि ओल्या काळ्या रानात ती रुततात, म्हणून सोयाबीन निघेपर्यंत तो बहुधा तिथंच असतो. मग कामाच्या दिवशी चावी फिरवावी, तर सेल्फ नुसता टक् करून गप्प बसतो. ‘बॅटरी बसली’ म्हणतात आणि दोष जातो वापराला: फार ओढली, फार सेल्फ मारले. हिशेब मात्र वेगळं सांगतो. इंजिन सुरू होताना सेल्फ दोन-अडीचशे अँपिअर ओढतो खरा, पण ते चार सेकंदांपुरतं. म्हणजे एका वेळी खर्च होतो जेमतेम पाव-एक अँपिअर-तास. उलट ८८ अँपिअर-तासांची बॅटरी काहीही न करता नुसती ठेवली तरी साध्या हवामानात महिन्याला चारेक टक्के, म्हणजे साडेतीन अँपिअर-तास, आतल्या आत गमावते. बारा-तेरा वेळा ट्रॅक्टर सुरू करण्याइतकी ताकद एका रिकाम्या महिन्यात निघून जाते. वापरात गेलेलं चालत्या ट्रॅक्टरचा डायनामो भरून देतो; उभं राहून गेलेलं कुणीच भरत नाही. म्हणून ट्रॅक्टरला जसा हंगामाआधी ग्रीसिंगचा आणि तेलपाण्याचा नेम असतो, तसा बिनकामाच्या दिवसांत बॅटरीला रोजच्या थोड्याशा भरण्याचा असावा, आणि ते काम एका छोट्या सोलर पाटीवर सोपवावं, असं मला फार मनापासून वाटतं.

बॅटरीच्या आत काय होतं ते पाहिलं, की हा आग्रह कशासाठी ते कळतं. बॅटरी उतरते तेव्हा शिशाच्या दोन्ही प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो आणि ॲसिड पातळ होत जातं. हा थर ताजा असतो तोवर बारीक आणि मऊ असतो. चार्जिंग मिळालं की विरघळून पुन्हा ॲसिडात जातो. पण तसाच राहिला, तर बारीक कण विरत जाऊन त्यांच्या जिवावर मोठे स्फटिक वाढतात. दोरा सोडलेला पाक न हलवता ठेवला की खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात, तसंच हे आहे: स्थिरपणा आणि वेळ, एवढंच त्याला लागतं. हे खडे मग साध्या चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो, आणि दुकानात नेऊन रात्रभर चार्ज करून आणलेली बॅटरी दोन दिवसांत पुन्हा बसते. पूर्ण भरलेली बॅटरी विसावल्यावर मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली ती जितके आठवडे राहील, तितकं तिचं आयुष्य कापलं जातं. चावी फिरवल्यावर टक् ऐकू येतं तेव्हा नुकसान झालेलं असतं. ते होत असताना कसलाही आवाज नसतो.

या स्फटिकांवर उपाय जोराचा नाही, सातत्याचा आहे. शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लागतात. तिथं प्लेट हळूहळूच वीज स्वीकारते, घाई केली तर पाण्याचं विघटन होऊन वायू होतो. म्हणून १० वॉटच्या पाटीचा अर्धा अँपिअर इथं कमीपणाचा नाही, तो नेमका हवा तेवढा आहे. इतिहासातही या दोन वस्तू एकमेकींजवळच आहेत. प्रकाशानं वीज निर्माण होते हे १८३९ मध्ये दाखवणाऱ्या एडमंड बेकरेल यांच्याच हाताखाली पॅरिसमध्ये गास्तों प्लांते काम करत होते, आणि १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी त्यांनी बनवली. पाटी आणि बॅटरी एकत्र यायला मधे बराच काळ गेला, पण त्या एकमेकींना शोभतात. पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, हा पहिला आक्षेप. त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावं. दाट आभाळात उजेड दहाव्या हिश्श्यावर आला तरी पाटी ताशी ०.०५ अँपिअर-तास देते, दहा तासांत अर्धा. बॅटरीची रोजची गळती आहे सुमारे ०.१२. झडीच्या दिवशीही चौपट मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं की फुकटात काम होतं, मग पाटी कशाला? टर्मिनल काढावंच, घड्याळ, मीटर, कुठं खरवडलेली वायर यांतून होणारी गळती त्यानं थांबते. बॅटरी नवी, बंद प्रकारची आणि विश्रांती महिन्याभराची असेल, तर तेवढं पुरतंही. पण आतली गळती टर्मिनल काढल्यानं थांबत नाही. आठवड्याला दहा मिनिटं ट्रॅक्टर चालू ठेवण्याची रीतही घराघरात आहे. त्यात सेल्फचा खर्च भरून निघतो, शेवटचा पाचवा हिस्सा मात्र भरत नाही. वर डिझेल जळतं आणि थंड इंजिनच्या तेलात ओल साठते. उतारावर ट्रॅक्टर लावायचा आणि ढकलून सुरू करायचा, हे तर बॅटरी मेली असं मान्य करून जगणं झालं. विजेवरचा चांगला चार्जर पाटीइतकाच उत्तम, यात वाद नाही. पण शेड रानात असते आणि शेतीच्या फिडरची वीज वर्षानुवर्षं पाळीनं येत आली आहे, बरेचदा रात्रीची.

पाटीचे स्वतःचे दोष लपवू नयेत. १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी पाटी मोकळी असताना २१-२२ व्होल्ट दाखवते. व्होल्टेज आवरणाऱ्या कंट्रोलरशिवाय ती महिनोन्‌महिने जोडून ठेवली, तर बॅटरीचं पाणी आटवते. कंट्रोलरनं व्होल्टेज १३.५ च्या आसपास धरलं पाहिजे, आणि वैशाखाच्या उन्हात त्याहूनही थोडं खाली, कारण तापलेली बॅटरी कमी व्होल्टेजलाच वायू सोडू लागते. त्याच तापमानात गळतीही वाढते, दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट. म्हणजे ४५ अंशांचा चंद्रपूरचा उन्हाळा महिन्याला साडेतीनच्या जागी चौदा अँपिअर-तास नेतो, आणि नेमकं तेव्हाच ऊन भरपूर असतं. पाटी शेडच्या आत नको, पत्र्यावर दक्षिणेकडे तोंड करून हवी. धुळीचा थर आठवड्याला पुसायला हवा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायलाच हवी, आणि झाकण उघडताना जवळ बिडी नको, कारण वर हायड्रोजन असतो. ज्या बॅटरीचा एखादा सेल आधीच गेला आहे, तिला पाटी वाचवत नाही. म्हणून सुरुवात नव्या बॅटरीपासून करावी आणि त्या यंत्रापासून, जे सगळ्यात जास्त काळ उभं राहतं. पश्चिम महाराष्ट्रात ते ट्रॅक्टर नसून ऊसतोडणी यंत्र आहे: गाळप संपल्यावर पुढच्या दिवाळीपर्यंत ते उघड्यावर थांबतं, आणि त्याच्या छतावर पाटीला जागाही हवी तेवढी असते.