भंगारातून उठलेली लिबरेटर

पुण्यातल्या लोहगावच्या तळावर हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये मी इंजिन फिटर म्हणून रुजू झालो ते १९६४ साली. तिथली लिबरेटर बॉम्बर विमानं तेव्हा वीस वर्षांची झाली होती. बहुतेक हवाई दलांनी ती केव्हाच मोडीत काढली होती आणि आमच्याकडची तर एकदा मोडीत निघून परत आलेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला कितीतरी लिबरेटर टाकून दिली होती. पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची उपकरणं फोडली होती, इंजिनांत वाळू घातली होती. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती विमानं हाती घेतली. कानपुरात उडण्यापुरती डागडुजी व्हायची आणि वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळूरला घेऊन जायचे. एकाचं काढून दुसऱ्याला लावत चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. हे काम ज्या मेकॅनिकांनी केलं, त्यांची नावं आज कुठे वाचायला मिळत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आमची सकाळ सुरू व्हायची ती पंखे हाताने फिरवण्यापासून. लिबरेटरला चार इंजिनं, प्रत्येकात गोलाकार बसवलेले १४ सिलिंडर. रात्रभरात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर दिला तर पिस्टन तेलावर आदळतो, तेल काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोघातिघांनी एकामागून एक पातं धरून ओढत चालायचं. पातं मध्येच अडलं की जोर लावायचा नाही, हे आमच्या वॉरंट ऑफिसरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खालच्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भांडं धरायचं, काळं तेल निथळू द्यायचं आणि मगच पुन्हा पात्याला हात घालायचा. एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका विमानाचे ११२. ते काढून साफ करायचे, फटीचं माप घ्यायचं, परत कसायचे. हे उरकेपर्यंत बोटांची सालपटं निघायची.

आमचं स्क्वाड्रन समुद्रावर गस्त घालायचं. विमान अरबी समुद्रावर कमी उंचीवरून उडून आलं की पत्र्यावर मिठाचा थर असायचा. तो गोड्या पाण्याने धुऊन काढला नाही तर रिव्हेटांच्या कडेने गंज धरायचा. पेट्रोलच्या वासाची धास्ती तर कायमचीच. टाक्या पंखांत, गळती जुनी, आणि पोटातल्या बॉम्बकक्षात वाफ साचायची. ती निघून जावी म्हणून बॉम्बकक्षाची दारं थोडी उघडी ठेवूनच उड्डाण करायची या विमानांची जुनी रीत. वास आला की आम्ही कंदिलाची वातसुद्धा जवळ येऊ द्यायचो नाही.

१९६८ च्या अखेरीला ही विमानं सेवेतून गेली. त्यांतली काही परदेशी संग्रहालयांना मिळाली. एक १९६९ मध्ये उडतच अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला गेलं. मुलगी अमेरिकेत असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या पिमा संग्रहालयात मी ते पाहिलं. आता त्यावर अमेरिकी रंग आहे. देखभालही निराळी. उडायचं नाही, तेव्हा प्लगांची आणि पंख्यांची रोजची धावपळ नाही. काळजी घ्यायची ती धुळीची, उन्हाची, रबर सुकण्याची आणि पत्र्याच्या सांध्यांची. ते करणारे बहुतेक निवृत्त स्वयंसेवक. एकाने मला इंजिनाजवळ जाऊ दिलं. खालच्या सिलिंडरपाशी हात नेला तर बोटाला तेल लागलं, आणि मला फार बरं वाटलं.

उडणारं विमान सांभाळणं मात्र अजूनही आमच्या वेळेसारखंच, किंबहुना जास्त कठीण. आपल्याकडूनच गेलेलं एक लिबरेटर अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने १९८४ मध्ये घेतलं. ते उघडून, भाग दुरुस्त करून, काही नव्याने घडवून १९८९ मध्ये पुन्हा उडवलं. आम्हाला एखादी वस्तू हवी असली तर शेजारच्या बंद विमानातून काढून घेता यायची. आज तसं विमान शिल्लकच नाही. युद्धकाळात १८ हजारांहून जास्त लिबरेटर बांधली गेली, त्यांतली सगळ्या जगात आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

उरलेल्यांपैकी बरीच भारतातून गेलेली आहेत. कानपूर, बंगळूर आणि पुण्यातल्या हातांनी ती जपली, म्हणून आज पाहायला मिळतात. त्या संग्रहालयांच्या पाटीवर हवाई दलाचं नाव असतं, फिटरांचं नसतं. आमच्या बरोबरीचे आता थोडेच राहिले. तुमच्या घरात, शेजारात असा कुणी निवृत्त फिटर किंवा मेकॅनिक असेल, तर त्याच्यापाशी बसा, तो काय सांगतो ते लिहून घ्या, त्याच्याकडचे फोटो आणि जुन्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका.