परान्न

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे एक शहर आहे. भोवती वाळवंट, उन्हाळ्यात अंगाची लाही करणारे ऊन, आणि मेक्सिकोची सरहद्द मोटारीने तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. माझा पुतण्या नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झाला आहे. गेल्या वर्षी आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा विमानतळावरून घरी नेतानाच त्याने माझ्या हाती एक कागद ठेवला. गावात कोठे काय खावे याची ती यादी होती, आणि प्रत्येक नावापुढे कमीअधिक चांदण्या काढलेल्या होत्या. युनेस्कोने २०१५ साली या गावाचा पाकपरंपरेचे नगर म्हणून गौरव केला आणि हा मान मिळवणारे अमेरिकेतील हे पहिलेच शहर, असे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. त्या यादीप्रमाणे आम्ही वाळवंटात पिकणाऱ्या टेपरी नावाच्या कडधान्याची उसळ खाल्ली, मेस्किट झाडाच्या शेंगांच्या पिठाची बिस्किटे खाल्ली, आणि चिल्टेपिन नावाची एक चिमुकली रानमिरची जिभेवर ठेवून 'आम्ही सातारकर तिखटाला भीत नाही' ही माझी जन्माची घमेंड दोन मिनिटांत उतरवून घेतली.

यंदा फेड करण्याची पाळी माझी आहे. हिवाळ्यात तो मुलाबाळांसह इकडे यायचा आहे. त्याचा निरोप आला, "काका, साताऱ्यात चार दिवस आणि सांगलीत तीन दिवस आहोत. बाहेर कोठे जेवावे याची एक यादी करून ठेवा. चांदण्या तुम्ही द्याल त्या."

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना गुण देण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, तेव्हा खाण्याच्या जागांना चांदण्या देणे काही अवघड जाऊ नये, अशा समजुतीने मी एका रविवारी सकाळी कागद पुढे ओढला.

आरंभ साताऱ्यापासून केला. साताऱ्याच्या नावाबरोबर कंदी पेढा आलाच. खवा मंद विस्तवावर तांबूस होईपर्यंत परतायचा आणि साखर बेताचीच घालायची, एवढीच त्याची कृती. पण त्या खरपूस चवीपुढे पांढरे, गुळगुळीत पेढे मला नेहमीच नुसती साखर वाटत आले आहेत. सांगलीला जावे तर भडंगावाचून परत येऊ नये. चिरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीलिंब आणि लाल तिखट यांचा हा संसार सांगली-जयसिंगपूरकडच्या माणसाला जितका साधतो तितका इतर कोणाला साधत नाही. मधल्या वाटेवर कऱ्हाड-वाळव्याच्या बाजूला हमरस्त्यालगतच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो. कांदा-लसणाच्या चटणीत शिजलेला तो मसूर आणि तव्यावरची गरम रोटी, एवढ्यावर भले भले लोक मोटारी थांबवतात. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत, ज्वारीची भाकरी आणि दाण्याचे कूट घालून रगडलेला खर्डा या त्रयीविषयी तर मी निःपक्षपातीपणे काही लिहू शकेन असे मला वाटत नाही.

येथे मला एक मौज आठवली. ज्या मिरचीवर आणि शेंगदाण्यावर आमचा खर्डा आणि भडंग उभे आहेत, ती दोन्ही मूळची अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या बाजूस आली. म्हणजे माझा पुतण्या ज्या मातीतून येणार तिच्याच शेजारची वस्तू मी त्याला 'आपली' म्हणून वाढणार! असो. अन्नाला आपले आणि परके हा भेद फार काळ टिकवता येत नाही. माणसांना तो बराच काळ टिकवता येतो.

आणि याच ठिकाणी माझी लेखणी अडली. ती 'बाहेर' या शब्दावर अडली.

आमच्या घरी 'बाहेरचे खाणे' हा शब्दप्रयोग माझ्या लहानपणी जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. आजोबा परान्न घेत नसत. प्रवासाला निघाले की दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या बरोबर असे. वाटेत दशम्या संपल्या तर केळी खाऊन राहत. पण दुकानातल्या चहाचा घोट त्यांनी उभ्या आयुष्यात घेतला नाही. आम्हा मुलांना या निग्रहाचा मोठा आदर वाटे. त्या निग्रहाची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली.

ती कळली एका वाचनात. डॉ. आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. १९०१ साली ते घरच्या इतर मुलांबरोबर, कामाच्या गावी असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पत्र वेळेवर पोहोचले नव्हते. न्यायला कोणी आलेले नव्हते. मुले कोणत्या जातीची हे कळताच त्यांना बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला; मात्र गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. डब्यात जेवण भरपूर होते, पण पाणी कोणी देईना. आणि पाण्यावाचून घास गिळता येत नाही म्हणून ती मुले भरल्या डब्याशेजारी रात्रभर उपाशी राहिली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मसूर हे आमच्या जिल्ह्यातलेच स्टेशन. त्या मार्गाने माझे आजोबाही पुष्कळदा गेले असतील. त्यांच्याही जवळ दशम्यांचा डबा होता. एकाने दुसऱ्याचे पाणी नाकारले तर तो निग्रह, आणि एकाला दुसऱ्याने पाणी नाकारले तर ती तहान, हा फरक मला त्या दिवशी समजला.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला बसत. त्या पंगतीत खंड पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, त्यांत मंगळसूत्रही गेले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहे आणि विहिरी यांचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे. मसूरची हकीकत वाचलेल्या माणसाला हे शेजारपण निव्वळ कायद्याच्या भाषेचे वाटत नाही.

मी स्वतः परान्नावर जगलो तो सांगलीत, महाविद्यालयात असताना. १९८८ साल होते. गावभागातल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर एक बाई खानावळ चालवीत. आम्ही वीस-बावीस विद्यार्थी तेथे जेवत असू. सगळे त्यांना आक्का म्हणत, म्हणून मीही आक्का म्हणू लागलो. ज्वारीची भाकरी, एक भाजी, आमटी, भात. रविवारी गोडाचा शिरा. महिन्याचे दीडशे रुपये. एका वहीत प्रत्येकाचे एक पान असे, आणि महिनाअखेरीस ती वही उघडली जाई.

मी तेथे जेवतो हे कळल्यावर आजोबांचे पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता : कोणाच्या हातचे जेवतोस? मला तेव्हा नव्या विचारांचे वारे लागले होते. त्या प्रश्नाचा मला मनस्वी संताप आला. मी उत्तर पाठवले की जागा स्वच्छ आहे, याहून अधिक चौकशी मी केलेली नाही आणि करणारही नाही. या उत्तराचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटत असे.

शेवटच्या वर्षी वडील आजारी पडले आणि घरून येणारी मनिऑर्डर थांबली. पहिल्या महिन्याला मी आक्कांना सांगितले, "पुढच्या महिन्यात एकदम देतो." दुसऱ्या महिन्याला तेही सांगवेना. वही उघडली की माझे पान तेवढे न उलगडता त्या पुढे जात. मला वाटले, त्यांच्या ध्यानात नसेल. पण एके रात्री लाजेने मी दोनच भाकऱ्या खाऊन उठू लागलो, तेव्हा तिसरी ताटात टाकून त्या म्हणाल्या, "बस खाली. परीक्षा तोंडावर आलीया. उपाशी डोक्यात काय शिरतंय व्हय?" तीन महिने मी असा जेवलो. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला. निघताना पाया पडलो आणि नोकरी लागताच पैसे पाठवतो असे सांगितले. त्या म्हणाल्या, "पाठीव की. घाई न्हाई."

साडेचारशे रुपये. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात वडिलांचे औषध होते, दुसऱ्यात खोलीचे भाडे. वर्ष उलटल्यावर पैशांची अडचण राहिली नाही. पण एवढ्या उशिरा नुसते पैसे कसे पाठवावेत, स्वतः जाऊन द्यावेत, असे वाटू लागले, आणि स्वतः जाण्याची लाज वाटू लागली. आळसाला संकोचाचे सोवळे नेसवले की तो फार काळ टिकतो. सात वर्षांनी एका परीक्षेच्या कामासाठी सांगलीस गेलो, तेव्हा मुद्दाम गावभागात गेलो. ते घर पाडून तेथे चार मजल्यांची इमारत उभी राहिली होती. खालच्या दुकानदाराला मी विचारले, "येथे खानावळ होती, ती चालवणाऱ्या बाई कोठे असतात?"

त्याने साहजिकच विचारले, "नाव काय त्यांचं?"

मला नाव ठाऊक नव्हते. आडनाव ठाऊक नव्हते, गाव ठाऊक नव्हते. तीन वर्षे दोन वेळ ज्या हाताने मला वाढले, त्या हाताविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, त्या मुलीकडे गेल्या असतील. मुलगी कोठे असते, ते त्यांनाही माहीत नव्हते. आक्कांना मुलगी होती हेदेखील मला त्या दिवशीच कळले.

आजोबांनी प्रश्न विचारला तो माणसाला दूर ठेवण्यासाठी. तो प्रश्न त्या हेतूने विचारणे अन्यायाचे होते, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु तो न विचारण्यात मी जे औदार्य मानले, त्यात औदार्य थोडे आणि बेपर्वाई पुष्कळ होती. आजोबांनी परान्न नाकारून ऋण टाळले. मी परान्न खाऊन ऋणको झालो आणि धनकोचे नावही विचारले नाही. चांदण्यांच्या यादीतही हीच सोय आहे. तीत रस्सा किती झणझणीत होता हे कळते, तो कोणी शिजवला हे कळत नाही. अन्न कोणाच्या हातचे आहे हे विचारण्याचा एकच हेतू निर्मळ असू शकतो, तो म्हणजे त्या हाताला नावाने ओळखणे.

यादी मी दुसऱ्या दिवशी पुरी केली आणि पुतण्याला पाठवली. तीत पेढे आहेत, भडंग आहे, अख्खा मसूर आहे, आणि साताऱ्यातले एक घरगुती भोजनगृह आहे, जेथे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. चांदण्या कोणालाही दिल्या नाहीत. खाली एक ओळ जादा लिहिली : "पैसे देण्यापूर्वी, स्वयंपाक कोणी केला ते विचारावे, बाई असतील तर नाव विचारून घ्यावे आणि मुलांकडून त्यांना नमस्कार करवावा."

रात्री त्याचे उत्तर आले. "काका, यादी छान आहे. नाव नक्की विचारू. पण त्या भोजनगृहात मोबाईलवरून पैसे घेतात ना?"

घेतात, असे मी कळवले. तेथे उधारीची वही नाही. माझी मात्र अजून मिटलेली नाही.